लाल पट्ट्याचं घर

वडसा,
१० नोव्हेंबर २००२

रंजे,

जित्ती आहेस का मेली ते तरी कळव. वसतिगृह सुटल्यापासून तुझं एकच पोस्टकार्ड आलं, अन् त्यातही "बाकी ठीक" हेच दोनदा लिहिलं होतं. माझ्याइथी मात्र सगळं ठीक नाई, चांगलं आहे. मले नोकरी लागली.

हसू नको. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, त्या चुली मोजायचं काम आहे. इथल्या एका संस्थेनं कुरखेडा भागातल्या वाड्या-टोले घेतले आहेत. कोणत्या घरात आठवड्याले किती सरपण जळते ते स्प्रिंगच्या काट्यानं मोजायचं, घरातल्या माणसायनं भागायचं, अन् त्यावरून घराले रंग द्यायचा. कमी जाळते ते हिरवं, मधलं ते पिवळं, जास्त जाळते ते लाल. दाराच्या चौकटीवर हातभर पट्टा मारायचा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसते. लाल घरायले पहिल्यांदा सुधारित चूल भेटणार, धूर बाहेर नेणारी. तिच्या टिनाच्या चिमण्या आमचे अब्बा करून राह्यले आहेत. दुकानात पाय ठेवायले जागा नाई. आजवर पेट्या अन् गाळण्या करणारे अब्बा आता स्वतःले इंजिनियर समजतात.

ज्या टोल्याचा निकाल सगळ्यात चांगला, त्याच्या चौकात सौर दिवा लागणार. यादीत कोसमटोला पाह्यला अन् मी साहेबायले म्हटलं, हा मलेच द्या, तिथी माझी मैत्रीण अंगणवाडीत आहे. मी पहिले दोन दिवस येते, दाखवते. पुढचं मोजणं तू कर.

आमच्या अम्मीचं बरं आहे बाप्पा. भुशाची शेगडी तिनं कधीचीच मागच्या अंगणात फेकली. आता विजेची कॉइल आहे अन् वर खांबावर आकडा. सकाळपासून पेटलेली राह्यते. आंघोळीचं पाणी, चहा, सालन, सगळं तिच्यावर. मीटरले पत्ताच नाई. अर्ध्या गल्लीचं असंच आहे, तू कोणाले सांगू नको.

येताना तुझ्यासाठी तो चंदनाचा साबण आणते, तुले आवडायचा तो. उतरायचं तुझ्याच घरी, आतापासून सांगून ठेवते.

तुझी,
निशात

*

कोसमटोला,
२१ नोव्हेंबर २००२

निशात,

पत्र भेटलं. पोस्टमन बाजाराच्या दिवशी सुगंधाबाईच्या दुकानात टपाल टाकून जाते, म्हणून उशीर. नोकरीचं ऐकून बरं वाटलं. तुले कोणी नाई म्हणूच शकत नाई, हे मले पहिल्यापासून माहीत आहे.

मोजायचं मी करीन. पण उतरायचं सुगंधाबाईच्या घरी कर. तिचं घर सिमेंटचं आहे, पलंग आहे. आमच्याइथी तुले झोप नाई लागणार. धूर राह्यते घरात. आईले त्याची सवय आहे, भाऊ दिनेश कामावरून येते अन् तसाच झोपते. तुले डोळ्याचा त्रास होईल.

धान कापून झालं आहे, मळणी चालू आहे. लोक सकाळी लवकर खळ्यावर जातात अन् ऊन निघाल्यावर घरी येतात, तं तू तवाच ये. त्याच्या पहिले येऊन फायदा नाई.

वनसमितीचे अध्यक्ष मुखरूभाऊ आहेत, त्यायले मी सांगून ठेवलं. सौर दिव्याचं ऐकून ते आताच खांब कुठी गाडायचा ते पाहून राह्यले आहेत.

साबणाची गरज नाई. इथी भेटते आता.

रंजीता

*

वडसा,
१८ डिसेंबर २००२

रंजे,

तुमच्या टोल्यावरून आली अन् अजून अंगात थंडी भरून आहे. सुगंधाबाईनं खाऊ खूप घातलं, पण तुझ्या घरी एक वेळ जेवायले बसवलं नाईस, हे मी लक्षात ठेवलं आहे. तुझी आई बुधरीमावशी तं दारातच म्हणाली, "ये ना बाई, बस," अन् तू मधातच मले ओढून नेलं. साबण तुझ्या अंगणवाडीच्या टेबलावर ठेवला होता. भेटला ना?

आता कामाचं. तू पाठवलेलं सगळं वजन भेटलं, मी मांडणी केली. कोसमटोल्यानं साहेबायले खुश केलं. जवळजवळ सगळा टोला हिरवा. पत्रूचं घर हिरवं, लटारूचं हिरवं, कोलूबाबाच्या घरात एवढी माणसं, तेही हिरवं. मुखरूभाऊचं तं असं हिरवं की साहेब म्हणाले, हे लोक जेवतात का नाई. मी म्हटलं, आमच्या रंजीच्या गावचे आहेत, शहाणे आहेत. रात्री कोणी लाकूड ठेवत नाई, सकाळी कोणी चूल पेटवायले बसत नाई, कामापुरती पेटते अन् विझते.

लाल आहे ते एकच घर. तुझं.

मले पहिले वाटलं माझं गणित चुकलं. तीन माणसं अन् सरपण लग्नघराचं. रंजे, तुझी आई हत्तीले आंघोळ घालते काय? मी तिथी होती त्या दोन्ही दिवशी तुमच्या चुलीत ओंडका धुमसून राह्यला होता अन् चुलीवर काहीच नव्हतं. मी विचारलं तं तू म्हटलं, "तिले थंडी वाजते." एक गोष्ट मले मजेशीर वाटली. सकाळी सकाळी सुगंधाबाईच्या खिडकीतून पाह्यलं तं बाया तुमच्या घराकडून खापर झाकून चालल्या होत्या. तू म्हटलं, भांड्याले राख नेतात. एवढी राख निघते तं लाकूडही तेवढंच जळत असणार, हे आपलं आपल्यालेच दिसायले पाहिजे होतं.

वाईट नको मानू. लाल म्हणजे शिक्षा नाई, लाल म्हणजे पहिली चूल तुमची. मंगळवारी मी रंग घेऊन येते अन् एका दिवसात सगळे पट्टे मारते.

यंदाच्या मंडईच्या जत्रेत इथी नाटकाची धूम आहे, कंपन्या उतरल्या आहेत. एक दिवस काढून ये, दोघी पाहू.

निशात

*

कोसमटोला,
३ जानेवारी २००३

निशात,

तू पट्टे मारून गेली त्या दिवशी मी अंगणवाडीत होती. मुद्दामच होती. हे पत्र मी दोनदा फाडलं आहे, आता जसं होईल तसं लिहिते.

संध्याकाळी घरी गेली तं आई दारात उभी राहून पट्टा पाहून राह्यली होती. मले म्हणाली, "सगळ्यायले हिरवा अन् आपल्यालेच लाल. काऊन वं?" माझ्या तोंडून निघालं, "ज्याच्या घरी पहिले नवीन चूल येणार त्याले लाल." हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिले आनंद झाला. तिनं पट्ट्याखाली चिमूटभर तांदूळ ठेवले. बाजारात चार जणींले सांगितलं, संस्थेच्या बाईनं माझ्याच दाराले लाल लावला म्हणून. मी संग होती.

मग सारा टोला जमते त्या गोटुलवर समितीची बैठक झाली. मुखरूभाऊ उभे राह्यले अन् सांगितलं की आपला टोला पहिला येता येता राह्यला, कारण एक घर लाल आहे. कोणीतरी विचारलं, लाल म्हणजे काय. ते म्हणाले, "लाल म्हणजे जंगल खाणारं घर. साहेबायनं असंच समजवून सांगितलं." आई समोरच बसली होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, उठली अन् घरी गेली. कोणी तिले बस म्हटलं नाई.

दुसऱ्या दिवशी मी पाह्यलं तं ती ओल्या फडक्यानं पट्टा पुसून राह्यली होती. ऑइल पेंट आहे तो, पुसला जात नाई. नुसता वरचा थोडा निघाला अन् तिचे तळहात लाल झाले. मले पाहून तिनं हात मागं लपवले. माझी आई माझ्यापासून हात लपवते, निशात. मले जमीन पोटात घेईल तं बरं असं झालं.

तुले एकच मागते, आजवर काही मागितलं नाई. तो पट्टा पिवळा कर. दुसऱ्यांदा मोजलं असं सांग, चूक झाली असं सांग. तुझ्या हातात आहे.

रंजीता

*

वडसा,
११ जानेवारी २००३

प्रिय रंजीता,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाई. मुखरूभाऊनं चारचौघात असं बोलायले नव्हतं पाहिजे. साहेबायले मी सांगितलं तसं.

पण पट्टा मी बदलू शकत नाई. तू माझी मैत्रीण आहेस म्हणूनच नाई बदलू शकत. उद्या लटारूची बायको म्हणेल, बाईनं मैत्रिणीचं घर पिवळं केलं, मग मी कोणत्या तोंडानं टोल्यात येऊ? मी सगळ्यायले एकाच काट्यानं मोजलं. ज्याचं जसं आहे तसं लिहिलं. खरं पाहिलं तं लाज वाटायचं कारणच नाई, सुधारायचं कारण आहे.

तू शिकलेली आहेस, तूच तिले समजव. स्वयंपाक झाला की चूल विझवायची. रात्रभर ओंडका कायले धुमसत ठेवायचा? माचिसची काडी काय महाग आहे? त्या धुरानं तिचे डोळे जातील, मग तू रडशील. अब्बांनी तुमच्या घरची चिमणी वेगळी काढून ठेवली आहे, चांगल्या जाड पत्र्याची. पुढच्या आठवड्यात चूल मांडून देणारा माणूस येते.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा मोजणी आहे. तुमचं घर पिवळ्यात आलं तरी टोला पहिला येते. मग तोच मुखरूभाऊ तुझ्या आईले हार घालेल, पाहजो.

रागावू नको. मी तुझ्या भल्याचंच सांगून राह्यली आहे.

निशात

*

कोसमटोला,
३० जानेवारी २००३

निशात,

चूल विझवली. आईनं स्वतःच विझवली, मी सांगायच्या पहिले. जुन्या चुलीचे तीन दगड उचलून मागं सांदीत नेऊन ठेवले. नवीन चूल बसली, चिमणी लागली, धूर बाहेर जाते. स्वयंपाक झाला की आई पाणी शिंपडते अन् राख चाचपून पाहते, कुठी विस्तव राह्यला तं नाई म्हणून.

मोजणी केली. आकडे संग जोडले आहेत. आमचं घर आता हिरवं येईल.

कोलूबाबा वारले, थंडीनं.

रंजीता

*

वडसा,
१६ फेब्रुवारी २००३

रंजीता,

कोलूबाबाचं ऐकून वाईट वाटलं. मले पाहून "कोणाची वं तू" विचारत होते, अन् मी वडश्याची म्हटलं की हसत होते.

हे पत्र जरा कडक आहे, आधीच सांगते. तू पाठवलेल्या आकड्यायनं मी तोंडावर पडली. तुमचं घर हिरवं झालं, ठीक. पण बाकीचे? पत्रूचं घर लाल. लटारूचं लाल. मुखरूभाऊचं पिवळं, तेही कसंबसं. सुगंधाबाईकडे तं गॅस आहे, तिचंही सरपण वाढलं. डिसेंबरमध्ये जो टोला हिरवागार होता तो महिनाभरात असा कसा पेटला? थंडी तं तेव्हा जास्त होती.

साहेब म्हणाले, एक तं पहिली मोजणी खोटी, नाई तं दुसरी. दोन्ही मोजण्या तुझ्या हातच्या. मले सगळ्यायसमोर विचारलं, "तुमची मैत्रीण विश्वासाची आहे ना?" मी हो म्हटलं, पण मान वर करून म्हणू नाई शकली.

खरं सांग. मी पट्टा बदलला नाई म्हणून तू रागानं काटा चुकवला काय? लोकायची घरं लाल दाखवली म्हणजे आईचं लाल झाकलं जाईल, असं काही मनात आलं काय? आलं असलं तं मले सांग, मी आपल्या दोघींतच ठेवीन. पण मले असं मधात लोंबकळत नको ठेवू.

निशात

*

कोसमटोला,
२२ फेब्रुवारी २००३

निशात,

काटा बरोबर आहे. दोन्ही मोजण्या खऱ्या आहेत. खोटी आहे ती मी, पण तू समजतेस तशी नाई.

ऐक. आमच्या टोल्यात चूल माचिसनं पेटवत नाईत. विस्तव आमच्या घरून नेतात. माझ्या आजीच्या सासूपासून आमच्या घरचा विस्तव विझला नव्हता. रात्री ओंडका लावायचा, पहाटे राख बाजूला सारायची, अन् दार उघडं ठेवायचं. बाया खापर घेऊन येतात, आई दोन निखारे घालते, वरून राख पसरते म्हणजे वाऱ्यानं उडत नाई. तू खिडकीतून पाह्यलं ते हेच होतं. राख नव्हती ती, विस्तव होता. मी खोटं बोलली.

म्हणून त्यायले रात्रभर लाकूड ठेवायची गरज नव्हती. बाळंतिणीच्या घरचं पाणी आमच्या चुलीवर तापायचं, कारण आमची चूल पेटलेलीच राह्यते. कोणाच्या घरी माणूस गेला की त्याच्या घरची चूल विझवतात, अन् सोयरे येईपर्यंत त्यायचं जेवण आमच्याच घरी शिजते. कोणी सांगायची गरज नसते, आई पातेलं चढवते. आमच्या दाराशी तू मोजलं ते सरपण साऱ्या टोल्याचं होतं. त्यातलं अर्धं लोकच आणून टाकत होते, येता येता एक एक लाकूड.

आईनं विस्तव विझवला तेव्हा पहिल्या दिवशी बाया आल्या अन् रिकामं खापर घेऊन परत गेल्या. आई आतून म्हणाली, "नाई बाई, आता जंगल खायचं नाई." मग ज्यानं त्यानं आपल्या घरी ओंडका लावला. एका घरच्या जागी सगळ्या घरी रात्रभर धूर. हे झालं तुझं लाल.

आता कोलूबाबाचं. ते सकाळी गेले. चूल विझवली, रडारड झाली, माती झाली. पत्रूले वाटलं लटारूच्या घरून जेवण येईल, लटारूले वाटलं सुगंधाबाई करेल, सुगंधाबाईले वाटलं बुधरी करत असेल, नेहमीसारखी. बुधरी विझलेल्या चुलीपुढं बसून होती, मले कोणी बोलावलं तं जाईन म्हणत. कोणी बोलावलं नाई, कारण तिले बोलवायची पद्धतच नाई. कोलूबाबाची नातवंडं दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीत आली अन् खिचडीवर तुटून पडली. मी विचारलं, काल काय खाल्लं. काहीच नाई म्हणाली. तवा साऱ्या टोल्याले समजलं. त्या दिवसापासून कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाई.

तू म्हणशील, मग पहिलेच काऊन नाई सांगितलं. मुखरूभाऊले माहीत होतं, सगळ्यायले माहीत होतं. कोणी बोललं नाई, कारण ज्याच्या त्याच्या दारावर हिरवा होता. अन् मले तं सगळ्यायच्या आधी माहीत होतं. मी नाई बोलली कारण मले तुझ्यापुढं लाज वाटली. वसतिगृहात माझ्या कपड्यायले धुराचा वास येते म्हणून पोरी माझ्या बाजूची खाट घेत नव्हत्या. तू घेतली. तू कधी काही बोलली नाई. पण प्रत्येक सुट्टीनंतर मी घरून आली की तू माझ्या हातात साबण ठेवायची. हसत हसत, प्रेमानं. पोरी बोलल्या ते मी विसरली, तुझा साबण नाई विसरली. तुले आमच्या घरी झोपू दिलं असतं तं पहाटे बाया आल्या असत्या अन् तुले दिसलं असतं की आम्ही अजून विस्तव मागून चूल पेटवणारे लोक आहोत. ते लपवायले मी माझी आई लाल होऊ दिली.

अन् आता तुले एक विचारते. तुझ्या अम्मीची कॉइल सकाळपासून पेटलेली राह्यते, खांबावर आकडा टाकून. तुझ्या दारावर कोणता पट्टा आहे? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आमच्याइथी म्हणतात. तुमच्याइथी काय म्हणतात?

रंजीता

*

वडसा,
५ मार्च २००३

रंजे,

आमच्याइथीही तेच म्हणतात.

तुझं पत्र आलं तवा अम्मी कॉइलवर चहा ठेवून राह्यली होती. मी वाचलं अन् तो चहा पिऊन टाकला, हे पहिले कबूल करते. पिल्यावर मले समजलं की मी काय पिलं.

पहिल्या पत्रात मीच तुले लिहिलं होतं कॉइलचं, ऐटीत. त्याच पत्रात तुमच्या घराले रंग द्यायचं लिहिलं. दोन्ही गोष्टी एका कागदावर मी माझ्या हातानं लिहिल्या अन् मले काहीच दिसलं नाई. आमच्या कार्यक्रमात सरपण मोजतात, वीज मोजत नाईत, म्हणून मी स्वतःले त्यात धरलंच नाई.

साहेबायले मी सगळं सांगितलं. विस्तवाचं, पातेल्याचं, कोलूबाबाच्या नातवंडायचं. ते म्हणाले, "छान निरीक्षण आहे." मग म्हणाले, आपण घर मोजतो, टोला नाई, अन् निकाल तं नागपूरले गेला. सौर दिवा दुसऱ्या टोल्याले लागला. मले भांडायचं होतं. मी बसून राह्यली. चिमण्यायचं काम अजून अब्बांकडे चालू आहे, हे डोक्यात आलं. तुझ्यापासून काही लपवायचं नाई असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते.

मग मी एक केलं, म्हणजे करायले गेली. तुमच्या दाराचा रंग डब्ब्यात उरला होता. काल दुपारी मी आमच्या चौकटीपुढं ब्रश बुडवून उभी राह्यली. समोरचे शिंपीचाचा मशीन थांबवून पाहत होते. शेजारची उमेराआपा गॅलरीत आली, म्हणाली, "शादी आहे का घरात, रंग काढला?" मी म्हटलं, नाई, कडी गंजली आहे, ते पाहून राह्यली. अन् ब्रश पुसून आत आली. हिंमत झाली नाई, रंजे. तुझ्या आईच्या दाराले मी दोन मिनिटांत मारला होता, गुणगुणत. ती पाणी घेऊन बाजूले उभी होती, मले तहान लागली असेल म्हणून.

आकड्याची वायर मी काढली होती. अम्मी भांडली. संध्याकाळी पाह्यलं तं वायर परत खांबावर. मी पुन्हा काढली नाई.

साबणाचं काय लिहू. मी आठवून पाह्यलं, माझ्या मनात वाईट नव्हतं. पण वास मलेही यायचा अन् म्हणूनच मी साबण द्यायची. हे मी कधी स्वतःशीही बोलली नव्हती.

मले यायचं आहे. तो पट्टा मी माझ्या हातानं खरवडते, साऱ्या टोल्यासमोर. बुधरीमावशीच्या पाया पडते. तू ये म्हटलंस तरच येईन.

निशात

*

कोसमटोला,
२० मार्च २००३

निशात,

शिमगा झाला. ते पहिले सांगते, मग तुझं.

आमच्याइथी शिमग्याची होळी आमच्याच घरच्या विस्तवानं पेटते. यंदा लाकडं रचून झाली, दिवस बुडत आला, ढोलवाले बसले, अन् कोणी उठेना. मुखरूभाऊच्या खिशात माचिस होती. त्यायनं ती काढली, हातात फिरवली अन् परत खिशात घातली. कोणी त्यायले पेटव म्हटलं नाई. ढोलही वाजेना. बाया पोरायले पोटाशी घेऊन नुसत्या उभ्या.

मग मुखरूभाऊ खापर घेऊन आमच्या दारी आले. त्या पट्ट्यापाशी उभे राह्यले अन् म्हणाले, "बाई, विस्तव दे."

आई आतून म्हणाली, "नाई माझ्याजवळ."

ते दाराशी खाली बसले. एवढा मोठा माणूस, सरपंचाच्या खुर्चीशेजारी बसणारा, मातीत बसला. म्हणाले, "मी बोललो ते माझ्या घरच्या हिरव्या पट्ट्याच्या जोरावर बोललो." त्यायच्यामागं पत्रू आला, लटारू आला, कोलूबाबाची सून आली. तवा मी बोलली. सगळ्यायच्या समोर सांगितलं की मोजताना मले माहीत होतं, निशातबाईनं विचारलंही होतं, अन् मले आपल्या घरच्या विस्तवाची लाज वाटली म्हणून मी राख म्हणून सांगितलं. आईले हे माहीत नव्हतं. तिले वाटत होतं की संस्थेच्या बाईले समजलं नाई. तिनं एकदा माझ्याकडे पाह्यलं. बस.

कोलूबाबाची सून घरी गेली अन् खापरात आपल्या चुलीचे निखारे घेऊन आली. आईपुढं ठेवले. तिचं पाहून बाकीच्या गेल्या. प्रत्येक घरून खापर आलं. नवीन चुलीचं तोंड बारीक, त्यात एवढं मावेना. मग दिनेशनं सांदीतून जुने तीन दगड आणून अंगणात मांडले अन् सगळ्यायनं त्यात विस्तव ओतला. आई खाली बसली, फुंकर घातली. जाळ उठला तवा तिनं त्यातले दोन निखारे काढून मुखरूभाऊच्या खापरात घातले, वरून राख पसरली, अन् आत निघून गेली. होळी पाहायले ती आली नाई. आजवर दिलेला विस्तव तिले आपल्याच अंगणात मागं घ्यावा लागला, त्याची तिले लाज वाटली असं मले वाटते. मान वर करून तिनं कोणाकडे पाह्यलं नाई, अन् तिच्याकडे पाहायची आमचीही हिंमत नव्हती.

आता बाया पहाटे येतात. आई दार उघडं ठेवते. सगळ्यायसंग बोलते. माझ्यासंग कामापुरतं बोलते, पाणी आण, भात उतरव. काल रात्री मी ओंडका लावायले गेली तं तिनं माझ्या हातून घेतला नाई, स्वतःच लावला. मी रागावू कशी? माझंच करणं आहे.

पट्टा खरवडायचं मी तिले विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. विस्तव आहे तं लाल असणारच." हसून म्हणाली का रागानं, मले समजलं नाई. तुझं नाव घेऊन विचारलं, ती पोरगी येईल काय, तं म्हणाली, "येऊ दे. त्या वेळी उपाशीच गेली होती माझ्या दारातून."

वडश्याच्या वायरीचं तू लिहिलंस ते चांगलं केलंस. लिहिलं नसतं तं मी हे पत्र टाकलं नसतं. मीही माझ्या आईपुढं तशीच ब्रश घेऊन उभी आहे असं समज.

ये. सुगंधाबाईकडे नाई, आमच्याच घरी. माझ्या बाजूले झोपजो. पहाटे बायांच्या आवाजानं जाग येईल अन् उठशील तवा तुझ्या केसायले, ओढणीले, सगळ्यायले धुराचा वास येईल. तसाच घेऊन बसमध्ये बसजो, वडश्यापर्यंत.

अन् साबण आणू नको.

रंजी